चूक एकीकडे, संदेश दुसरीकडे

संगणकशास्त्राच्या पदविका आणि पदवीच्या वर्गांत 'एक वेबसाईट तयार करा' हा प्रकल्प आता नेहमीचा झाला आहे. शाळांमधले काही उत्साही शिक्षकही ग्रंथालयातील पुस्तकांची यादी किंवा विज्ञान मंडळाच्या नोंदी यांसाठी छोटी वेबसाईट स्वतः करून पाहतात. असे काम सहसा कोणी अगदी मुळापासून करत नाही. जँगो, रेल्स, लाराव्हेल यांसारखे एखादे तयार 'फ्रेमवर्क' त्यासाठी वापरले जाते. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सांगितलेले असते, की या आठ-दहा ओळी लिहा, ही आज्ञा द्या, आणि पडद्यावर तुमचे पान दिसू लागेल. विद्यार्थी ओळी लिहितो, आज्ञा देतो आणि पडद्यावर येतात इंग्रजीतल्या तीस-चाळीस अनाकलनीय ओळी. दोन तास झटापट केल्यावर कधी तरी पान दिसू लागते, पण आधी ते का दिसत नव्हते आणि आता का दिसते, हे कळलेले नसतेच. तीन-चार वेळा असे घडले की तो मनाशी निष्कर्ष काढतो, की हे आपल्याला जमण्यातले नाही.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो का चुकीचा असतो हे संगणकाच्या इतिहासातून चांगले समजते. या इतिहासाकडे पाहिले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रोग्रॅममधली चूक एका जागी असते आणि ती झाल्याचा संदेश दुसऱ्याच जागी उमटतो. संगणक वापरणे जसजसे सोयीचे होत गेले, तसतसे या दोन जागांमधले अंतर वाढत गेले. शिकणाऱ्याचा वैताग जन्मतो तो या अंतरात. ते अंतर कसे वाढले आणि कमी करण्यासाठी कोणी काय केले, हे या लेखात पाहू.

केंब्रिजचा जिना

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत 'एडसॅक' या संगणकाने आपला पहिला प्रोग्रॅम यशस्वीपणे चालवला. वर्ग संख्यांचा तक्ता छापण्याचे ते साधे काम होते. संगणक बांधणाऱ्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी त्यानंतर लगेच एक खरोखरीचे गणित हाती घेतले. एअरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकल समीकरणाची उत्तरे काढण्याचा तो प्रोग्रॅम होता. तो कागदी फितीवर भोके पाडून लिहिला होता आणि त्याची लांबी होती १२६ ओळी. ही फीत पुढे सापडली आणि संगणकाच्या इतिहासकारांनी ती तपासली. त्या १२६ ओळींमध्ये सुमारे २० चुका निघाल्या.

विल्क्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्या दिवसांविषयी लिहिले आहे. संगणकाची खोली आणि फितीला भोके पाडण्याची खोली वेगवेगळ्या मजल्यांवर होत्या. या दोन खोल्यांमधला जिना चढता-उतरताना एकदा त्यांच्या एकदम ध्यानात आले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. संगणक बांधण्यापूर्वी ही गोष्ट फारशी कोणाच्या मनात आलेली नव्हती. यंत्र नीट चालले, की प्रोग्रॅम बरोबर लिहिणे ही केवळ काळजीची बाब आहे, असे गृहीत धरले गेले होते. तेव्हा ज्याने संगणक बांधला त्याच्याच प्रोग्रॅममध्ये दर सहा-सात ओळींना एक चूक होती, ही गोष्ट आपल्या नवशिक्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

एडसॅकवर त्रुटी-संदेश नावाचा प्रकारच नव्हता. चुकीचा आकडा छापला जाई किंवा यंत्र नुसते थांबे. चूक शोधण्याचा एक मार्ग म्हणजे एकेक आज्ञा बटण दाबून चालवायची आणि स्मृतीत काय चालले आहे ते छोट्या पडद्यावर डोकावून पाहायचे. यात संगणकाचा मोलाचा वेळ फार जाई, म्हणून या सवयीला आळा घालावा लागला. त्याऐवजी दोन युक्त्या निघाल्या. पहिली म्हणजे प्रोग्रॅम बंद पडल्यानंतर स्मृतीतल्या नोंदी छापून घेणे. या युक्तीला 'पोस्टमॉर्टेम' म्हणजे शवविच्छेदन असेच नाव पडले. दुसरी युक्ती स्टॅन्ली गिल यांची. प्रत्येक आज्ञा पार पडताना तिची खूण छापत जाणारा एक तपासनीस प्रोग्रॅम त्यांनी तयार केला आणि १९५१ साली त्यावर रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात निबंध लिहिला. चुका शोधणे हा शास्त्रीय निबंधाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले.

याच गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. वारंवार लागणाऱ्या गणिती क्रियांच्या तपासून ठेवलेल्या फितींचा त्यांनी संग्रह केला. वर्गमूळ हवे असेल तर ते नव्याने लिहायचे नाही, संग्रहातली फीत जोडायची. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ साली लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात या पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. दुसऱ्याने लिहून तपासलेल्या कामावर आपले काम उभे करणे हे आजच्या फ्रेमवर्कचे मूळ तत्त्व, आणि त्याची सुरुवात इथे झाली.

वेबसाईटचा काळ

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक माहितीजालाचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ साली ते संस्थेबाहेरच्या लोकांना खुले झाले. सुरुवातीची पाने म्हणजे आधीच लिहून ठेवलेला मजकूर. वाचकाने भरलेल्या माहितीप्रमाणे पान बदलावे, यासाठी १९९३ साली 'सीजीआय' नावाची पद्धत आली. मागणी आली की सर्व्हरने एक प्रोग्रॅम चालवायचा आणि त्या प्रोग्रॅमने जे छापले ते वाचकाकडे पाठवायचे, एवढीच तिची कल्पना.

इथे चूक आणि संदेश यांच्यामध्ये पहिल्यांदा शेकडो किलोमीटरचे अंतर पडले. प्रोग्रॅम चालतो दूरच्या सर्व्हरवर, पाहणारा बसतो आपल्या घरी. सीजीआयचा नियम असा, की प्रोग्रॅमने आधी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ छापावी, मग एक ओळ कोरी सोडावी आणि त्यानंतर मजकूर छापावा. कोरी ओळ राहून गेली तर पडद्यावर येई फक्त 'इंटर्नल सर्व्हर एरर' आणि ५०० हा क्रमांक. खरे कारण सर्व्हरवरच्या नोंदवहीत लिहिलेले असे, पण ती वाचण्याची परवानगी भाड्याच्या जागेवर काम करणाऱ्या शिकाऊ माणसाला बहुधा नसे. फाइल चालवण्याची परवानगी दिली नाही तरी तोच ५००, एखाद्या चिन्हाची चूक झाली तरी तोच ५००. पोट दुखो, डोके दुखो की ताप येवो, रोग्याला एकच शब्द उच्चारता यावा, तशी ही स्थिती होती.

१९९५ साली रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी ही सोपी पद्धत खुली केली. तिच्यात त्रुटी-संदेश थेट पानावर दिसत. मात्र त्यातला एक संदेश शिकणाऱ्यांना फार छळत असे. 'हेडर्स आधीच पाठवले गेले आहेत' अशा अर्थाचा तो संदेश आहे. फाइलच्या आरंभी चुकून एक रिकामी जागा राहिली, तर ती मजकूर म्हणून वाचकाकडे रवाना होते आणि नंतर पाठवायची औपचारिक माहिती पाठवता येत नाही. या संदेशात दोन फाइलींची नावे आणि दोन ओळींचे क्रमांक असतात. एक जागा अडचण लक्षात आली तिथली, दुसरी चूक झाली तिथली. नवशिका पहिल्या जागेकडे जातो, ती ओळ दहा वेळा तपासतो आणि तिच्यात काहीच वावगे सापडत नाही म्हणून चक्रावतो. खरे उत्तर त्याच संदेशात, कंसात दिलेले असते.

वर्तमानपत्राच्या कचेरीतून

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मंगल कार्यालयाच्या उदाहरणाने समजेल. भांडी भाड्याने आणून घरी लग्न करता येते. तेव्हा सगळा कारभार आपल्या हाती असतो आणि लागेल ते भांडे आपण वापरतो. केंब्रिजच्या फितींचा संग्रह हा असा भांड्यांचा साठा होता. मंगल कार्यालयात मात्र मांडव, स्वयंपाकघर, वाढपी, वेळापत्रक सगळे त्यांचे. आपण फक्त वधू-वर, पाहुणे आणि जेवणाचा बेत द्यायचा. मुहूर्त झाला की व्यवस्थापकच आपल्याला बोलावतो. फ्रेमवर्कमध्येही तसेच असते. आपला प्रोग्रॅम फ्रेमवर्कला बोलावत नाही, फ्रेमवर्क आपल्या प्रोग्रॅमला बोलावते. सोय मोठी, पण काही बिघडले तर ते बहुधा त्यांच्या स्वयंपाकघरात लक्षात येते, आणि ते स्वयंपाकघर आपण कधी पाहिलेले नसते.

अमेरिकेतील कॅन्सास राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. वर्तमानपत्राच्या कामात सवड नसते. निवडणुकीचे निकाल किंवा सामन्यांची माहिती देणारे पान काही तासांत तयार व्हावे लागते. आधी ते पीएचपी वापरत होते, पुढे पायथन या भाषेकडे वळले आणि प्रत्येक पानासाठी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे त्यांनी एकत्र बांधली. जुलै २००५ मध्ये हे काम सर्वांसाठी खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याला 'जँगो' हे नाव मिळाले. डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले 'रेल्स' हेही असेच एका प्रत्यक्ष कामातून, बेसकॅम्प या कार्यक्रमातून, वेगळे काढलेले फ्रेमवर्क होते.

दोन्हींचे जन्मदाते अनुभवी होते आणि त्यांना वेग हवा होता. नवशिक्याला शिकवणे हा या फ्रेमवर्कचा मूळ हेतू नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. रेल्समध्ये तर 'मांडणी सांगत बसू नका, संकेत पाळा' हे तत्त्व होते. वर्गाचे नाव एकवचनी दिले, की त्याच्या तक्त्याचे नाव रेल्स आपोआप इंग्रजी अनेकवचनात शोधते. 'पर्सन' असेल तर 'पीपल' हा तक्ता. आता आपल्याकडच्या एखाद्या मुलीने रोमन लिपीत 'विद्यार्थी' असे नाव दिले, तर रेल्स 'विद्यार्थीज्' नावाचा तक्ता शोधत बसते आणि तो सापडत नाही म्हणते. तिने असा शब्द कुठेच लिहिलेला नसतो. न लिहिलेल्या शब्दाबद्दलची तक्रार तिला कशी उमगावी? संकेत माहीत असणाऱ्याला हीच गोष्ट श्रम वाचवणारी वाटते.

चार नेहमीच्या अडचणी

जँगो शिकताना बहुतेकांना भेटणाऱ्या चार अडचणी घेऊ. प्रत्येकीमागे काही इतिहास आहे.

पहिली अडचण : 'जँगो नावाचे मॉड्यूल नाही' असा संदेश येतो. कालच तर ते बसवले होते! याचे कारण असे, की एकाच संगणकावर वेगवेगळ्या प्रकल्पांना एकाच साधनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात. त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र खोली देण्याची पद्धत पडली. पायथनसाठी 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन २००७ साली आले आणि २०१२ साली तशी सोय पायथनमध्येच समाविष्ट झाली. काल जँगो एका खोलीत बसवले आणि आज दुसऱ्या खोलीत उभे राहून हाक मारली, तर उत्तर येणार नाही. जँगो पुन्हा बसवण्याची गरज नसते, योग्य खोलीत शिरावे लागते.

दुसरी अडचण : पुस्तकातला नमुना जसाच्या तसा लिहूनही चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये जँगोची २.० आवृत्ती आली. दोन तक्त्यांमधला संबंध लिहिताना, मूळ नोंद पुसली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदीचे काय करायचे, हे सांगणे त्या आवृत्तीपासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांतली ओळ आता 'एक आवश्यक घटक कमी आहे' असे म्हणून नाकारली जाते. पत्ते लिहिण्याची 'यूआरएल' ही जुनी आज्ञा तर डिसेंबर २०२१ च्या ४.० आवृत्तीत काढूनच टाकली गेली. पुस्तक लिहिले तेव्हा बरोबर होते, विद्यार्थ्यानेही बरोबर उतरवले, तरीही निकाल चूक. गणिताच्या जुन्या पुस्तकातला सिद्धांत पन्नास वर्षांनीही खरा असतो, फ्रेमवर्कच्या पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचे तसे नसते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा फरक आधी सांगितला पाहिजे.

तिसरी अडचण : 'असा तक्ता नाही' किंवा 'असा रकाना नाही'. विद्यार्थ्याने तर प्रोग्रॅममध्ये नवा रकाना लिहिलेला असतो. शिक्षकांना हे चटकन समजेल. मुख्याध्यापकांनी परिपत्रक काढले, की हजेरीपटात जन्मतारखेचा रकाना असावा. परिपत्रक निघाले म्हणून वर्गात असलेल्या हजेरीपटात रकाना आपोआप आखला जात नाही. प्रोग्रॅममधले वर्णन हे परिपत्रक आणि डेटाबेसमधला तक्ता हा हजेरीपट. जँगोच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नवा तक्ता तयार करत, पण असलेल्या तक्त्यात बदल करत नसत. अँड्र्यू गॉडविन यांनी आधी 'साऊथ' हे वेगळे साधन लिहून ही उणीव भरली आणि सप्टेंबर २०१४ च्या १.७ आवृत्तीत 'मायग्रेशन' या नावाने ती सोय जँगोतच आली. तिच्या दोन पायऱ्या आहेत. एका आज्ञेने बदलाचा आदेश तयार होतो, दुसरीने तो प्रत्यक्ष अमलात येतो. नवशिका बहुधा दुसरी पायरी विसरतो.

चौथी अडचण : साधा फॉर्म तयार केला, माहिती भरली, बटण दाबले आणि 'मनाई' अशा अर्थाचा ४०३ क्रमांकाचा संदेश आला. आपण काय गुन्हा केला, हे कळत नाही. इथे जँगो त्याचे रक्षण करत असते. समजा, एका खिडकीत आपण बँकेच्या पानावर ओळख पटवून बसलो आहोत आणि दुसऱ्या खिडकीत एक लबाड पान उघडले. त्या पानात दडवलेला फॉर्म आपल्या नकळत बँकेकडे पैसे पाठवण्याची विनंती धाडतो. ब्राउझर सवयीप्रमाणे आपली ओळखखूण सोबत जोडतो आणि बँकेला वाटते, विनंती आपणच केली. हे टाळण्यासाठी आपल्या प्रत्येक फॉर्मवर एक गुप्त खूण छापायची आणि ती असेल तरच फॉर्म स्वीकारायचा. शाळेच्या शिक्क्याशिवाय दाखला मानत नाहीत, तसेच हे. मे २०१० च्या १.२ आवृत्तीपासून जँगोने हा बंदोबस्त नव्या प्रकल्पांत सुरुवातीपासूनच चालू ठेवला. फॉर्ममध्ये शिक्क्याची एक छोटी ओळ लिहिली की काम होते. पण शिक्का का लागतो हे माहीत नसेल, तर विद्यार्थी कुठे तरी वाचून संपूर्ण बंदोबस्तच काढून टाकतो. पान चालू लागते आणि एक वाईट सवय कायमची लागते.

अंतर कमी करणारे लोक

या चारही ठिकाणी विद्यार्थ्याची बुद्धी कमी पडली असे म्हणता येणार नाही. कमी पडली ती त्याला मिळालेली माहिती. काही लोकांनी हे ओळखले.

जँगोच्या कर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी त्रुटीचे एक सविस्तर पान तयार केले. पत्ता सापडला नाही तर आपण कोणकोणते पत्ते, कोणत्या क्रमाने जुळवून पाहिले, याची यादी ते देते. पानाचा साचा सापडला नाही तर तो कोणत्या जागी शोधला हे सांगते. या भागाचे शीर्षक 'पोस्टमॉर्टेम' असेच आहे. एडसॅकचा शब्द अर्ध्या शतकानंतरही टिकून राहिला. ही यादी शांतपणे वाचली, तर बहुतेक वेळा चूक दोन मिनिटांत सापडते. वेबसाईट लोकांसाठी खुली करताना मात्र हे पान बंद ठेवावे लागते, कारण त्यातून आपल्या रचनेची माहिती परक्यांच्या हाती पडते.

पायथन भाषेतही सुधारणा झाल्या. एखादा कंस उघडून बंद करायचा राहिला, तर पूर्वी 'रचना अवैध' एवढाच संदेश येई आणि तोही बऱ्याचदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून 'हा कंस बंद केलेला नाही' असे स्पष्ट शब्दांत सांगितले जाते आणि बोट असते ते उघडलेल्या कंसाकडे. फरक एका ओळीचा दिसतो, पण शिकणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

शिकवण्याच्या पद्धतीतही प्रयोग झाले. ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोघींनी जुलै २०१४ मध्ये बर्लिनला पूर्णपणे नवख्या स्त्रियांसाठी जँगोची कार्यशाळा घेतली. 'जँगो गर्ल्स' या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. त्यांनी दोन गोष्टी पाळल्या. दर तीन जणींमागे साधारण एक मार्गदर्शक, आणि साधने संगणकावर बसवण्याचे कटकटीचे काम शक्यतो आदल्या संध्याकाळीच उरकणे. त्यामुळे पहिल्या दिवसाचा उत्साह पहिल्याच अडचणीत खर्च होत नसे. ग्रेग विल्सन यांनी १९९८ पासून शास्त्रज्ञांसाठी चालवलेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमात शिक्षक तयार चित्रफिती दाखवत नाहीत, सर्वांसमोर प्रोग्रॅम लिहितात. लिहिताना चुका होतात, आणि त्या कशा शोधायच्या हे विद्यार्थ्यांना आयतेच पाहायला मिळते. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. काम झाले की एका रंगाची, अडले की दुसऱ्या रंगाची चिठ्ठी संगणकावर लावायची. हात वर करून 'मला येत नाही' असे जाहीर करावे लागत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला महत्त्व आहे. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. माणूस आपल्या प्रोग्रॅमला स्वतःचाच एक भाग समजतो, त्यामुळे त्यातली चूक त्याला स्वतःतले न्यून वाटते आणि मग ती दिसतच नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचा उपाय म्हणजे एकमेकांचे प्रोग्रॅम मोकळेपणाने वाचणे.

वर्गात काय करता येईल

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोक. एखादे उपकरण बिघडले, तर आम्ही सगळे स्क्रू एकदम फिरवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा नियम. फ्रेमवर्क शिकतानाही तो जसाच्या तसा लागू पडतो. एका दमात पाच बदल केले आणि पान चालू लागले, तर कशामुळे चालले हे कळायचा मार्ग उरत नाही.

दुसरा नियम अर्ध्यावर तोडण्याचा. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर मधल्याच एका टप्प्यावर तपासतो. तिथपर्यंत आवाज ठीक असेल तर दोष पुढच्या भागात, नाही तर मागच्या. प्रत्येक तपासणीत शोधण्याची जागा निम्मी होते. ७ तपासण्यांत २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ जागांमधली एक चूक हेरता येते. विल्क्स यांच्या १२६ ओळींमध्ये एकच चूक असती आणि मधल्या टप्प्यांवर उत्तर पडताळता आले असते, तर ७ तपासण्या पुरल्या असत्या. फॉर्ममधली माहिती डेटाबेसमध्ये पोचत नसेल, तर आधी मध्येच पाहावे : ती सर्व्हरपर्यंत तरी पोचली का?

तिसरा नियम संदेश वाचण्याचा. पायथनच्या लांबलचक संदेशात सर्वांत महत्त्वाची ओळ बहुधा शेवटची असते, म्हणून वाचन शेवटून सुरू करावे. मग वर जाताना आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचे नाव जिथे प्रथम दिसेल, तिथून शोध सुरू करावा. मधल्या ओळी बऱ्याचदा फ्रेमवर्कच्या स्वयंपाकघरातल्या असतात, त्यांनी घाबरून जाऊ नये. आणि काहीही करण्याआधी आपली आवृत्ती आणि पुस्तकाची आवृत्ती एकच आहे ना, हे पाहून घ्यावे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे दुहेरी अंतर कापावे लागते. संदेश चुकीपासून दूर असतो आणि इंग्रजीत असल्यामुळे त्याच्यापासूनही दूर असतो. आज संदेश उतरवून दिला, की कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम त्याचा अर्थ मराठीतही सांगतात. ही मदत जरूर घ्यावी. मात्र ते कधी कधी जुन्या आवृत्तीचा उपाय सुचवतात, आणि उपाय आयता चिकटवला तर कारण अज्ञातच राहते. पुढची चूक पुन्हा तेवढीच परकी वाटते.

म्हणून आमची एक सूचना आहे. १९४७ साली हार्वर्डच्या 'मार्क २' या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. 'बग' हा शब्द तेव्हा जन्मला असे म्हणतात, ते खरे नाही. एडिसनने १८७८ मध्येच दोषाच्या अर्थी तो वापरला होता. त्या गोष्टीतली घेण्यासारखी बाब शब्दाची नाही, नोंदवहीची आहे. चूक सापडल्यावर त्या लोकांनी ती तारखेसह लिहून ठेवली. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आपल्या वर्गात अशी एक वही सुरू करावी. तिच्यात तीन रकाने असावेत : पडद्यावर आलेला संदेश, त्याचा मराठीत अर्थ, आणि प्रत्यक्षात चूक कुठे निघाली. पहिली नोंद शिक्षकांनी करावी, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जाईल. महिनाभरात पंधरा-वीस नोंदी जमल्या, की तेच ते संदेश पुन्हा येऊ लागलेले दिसतील. मग नवा विद्यार्थी अडला तर तो आधी वही उघडेल. ज्या चुकीने आपल्याला रडवले ती मागच्या वर्षी आणखी सहा जणांना भेटली होती, हे त्याला तिथे वाचायला मिळेल. 'हे आपल्याला जमण्यातले नाही' या निष्कर्षाला त्या पानाइतके चांगले उत्तर दुसरे नाही.